विश्लेषण : सरकारी खजिना लुटला, पण दरोडेखोरांना पत्री मारली... नाना पाटलांचे आयुष्य लुटीबद्दल काय सांगते?

७ जून १९४३. कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार घेऊन जाणारी गाडी काही तरुणांनी अडवली आणि रक्कम घेऊन ते पसार झाले. सरकारच्या दफ्तरी हा सरळसरळ दरोडा होता. मात्र त्याच काळात, त्याच भागात, याच चळवळीतले तरुण रात्री-अपरात्री दरोडेखोरांचा माग काढत होते. पकडलेल्यांना गावासमोर उभे करून त्यांच्या तळपायांवर काठ्यांचे फटके मारत होते. एकीकडे खजिना लुटायचा आणि दुसरीकडे लुटारूंना शिक्षा करायची, हे दोन्ही करणाऱ्या सातारच्या प्रतिसरकारचे सर्वात मोठे नेते होते क्रांतिसिंह नाना पाटील. लूट का होते, कोण करते आणि ती कशाने थांबते, या प्रश्नांची बरीच उत्तरे त्यांच्या आयुष्यात आणि ते ज्या मातीत वाढले तिच्या इतिहासात सापडतात.

नाना पाटील कोण होते?

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी वाळवे तालुक्यातल्या बहे-बोरगाव येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव पिसाळ, आणि गाव येडे मच्छिंद्र. ही गावे आज सांगली जिल्ह्यात असली, तरी तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. मधेमधे सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांची गावे विखुरलेली होती. या भूगोलाला पुढे फार महत्त्व आले.

घर शेतकऱ्याचे. तरुणपणी नानांनी काही वर्षे तलाठ्याची नोकरी केली. कोणाची जमीन किती, कोणाच्या नावावरून ती कोणाच्या नावावर गेली, सारा कोणाचा थकला, हे सगळे तलाठ्याच्या दफ्तरात असते. शेतकऱ्याचे दुखणे कागदावर कसे दिसते, हे त्यांनी आतून पाहिले. सरकारी नोकर म्हणून वसुलीही तलाठ्याच्याच वाट्याला येते. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी ही नोकरी सोडली आणि पूर्णवेळ चळवळीत उडी घेतली.

त्यांच्या जन्माआधी या भागात काय घडले होते?

१८१८ मध्ये पेशवाई गेली. सातारचे छत्रपतींचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. राज्य बदलल्याचा पहिला फटका बसला तो गाव आणि किल्ले राखणाऱ्यांना. रामोशी समाजाकडे गावाच्या रखवालीचे काम असे. चोरी झाली तर माग काढायचा, माल सापडला नाही तर भरपाई करायची, आणि या कामाबद्दल गावाकडून धान्य व हक्काची जमीन मिळायची. किल्ल्यांवरच्या चौकीदारीतूनही अनेकांचे पोट चाले. नव्या राजवटीत किल्ले ओस पडले आणि जुने हक्क कमी झाले किंवा काढून घेतले गेले.

पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावचे उमाजी नाईक याच परिस्थितीत बंडाकडे वळले. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना दरोडेखोर म्हटले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. लोकांनी मात्र त्यांना राजे म्हटले. जो काल राखणदार होता तो आज लुटारू ठरला. मधल्या काळात त्याचा स्वभाव बदलला नव्हता, त्याची भाकरी गेली होती.

दुसरा फटका शेतकऱ्याला बसला. सारा रोख भरायचा आणि पीक येवो न येवो, ठरलेल्या तारखेला भरायचा. रोकड सावकाराकडे. कर्जाचा कागद कोर्टात दाखवला की निकाल बहुधा सावकाराच्या बाजूने लागे, कारण शेतकऱ्याला कागद वाचताच येत नसे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सहज मिळाले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यात साऱ्याची फेरआकारणी झाली आणि बोजा वाढला.

१८७५ च्या दंग्यात लोकांनी काय लुटले?

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचले. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जातात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारणा खोऱ्यातल्या कोकरूड येथेही, म्हणजे तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, सावकाराचे घर लुटून त्याचे कागद नष्ट केल्याची घटना घडली.

या दंग्यांची चौकशी झाली तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. जमावाला प्रामुख्याने हवी होती कर्जखते आणि गहाणखते. सावकाराने कागद दिले तर पुष्कळ ठिकाणी त्याला हात लागला नाही, दिले नाहीत तर घर पेटले. फ्रान्समध्ये १७८९ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी सरदारांच्या गढ्यांवर हल्ले केले तेव्हाही त्यांनी वेठीचे आणि देण्यांचे दस्तऐवज शोधून जाळले होते. दोन खंडांतले, वेगवेगळ्या शतकांतले हे शेतकरी एकमेकांना ओळखत नव्हते. पण आपल्याला लुटणारे हत्यार तलवार नसून कागद आहे, हे दोघांनाही कळले होते.

चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जाचा मागचा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. सावकारांनी मग कर्जखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट शोधली. कागदाचे नाव बदलले, जमीन जाणे थांबले नाही.

जन्माने गुन्हेगार हा शिक्का कोणावर होता?

गरिबाला चोर ठरवण्याचे कामही कायद्यानेच केले. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी वाढली. सातारा भागात मांग, रामोशी अशा समाजांतल्या लोकांना पोलीस पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी द्यावी लागे. परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. गुन्हा केला असो वा नसो, जात पुरेशी होती.

मजुरीसाठी परगावी जाता येत नाही, गावात काम मिळत नाही आणि चोरी झाली की पहिला संशय आपल्यावरच, अशा अवस्थेत माणसापुढे मार्ग किती उरतात? वाळवे तालुक्यातल्याच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ या १९५९ च्या कादंबरीत दुष्काळात भुकेल्या वस्तीसाठी धान्य लुटणारा नायक उभा केला, त्यामागे हेच वास्तव होते. हा कायदा रद्द होऊन या जमाती मुक्त व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. म्हणूनच तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

नानांची जडणघडण कशी झाली?

सातारा जिल्हा सत्यशोधक विचारांचे मोठे केंद्र होता. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. गावोगावचे जलसे शेतकऱ्याला सांगत होते की, अडाणीपण आणि कर्ज ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. याच सुमारास जिल्ह्यात कुळांनी खंडाच्या आणि सावकारीच्या विरोधात डोके वर काढले होते. नाना पाटलांवर या साऱ्याचा ठसा होता. म्हणूनच पुढे काँग्रेसच्या चळवळीत आल्यावरही त्यांचे भाषण गावरान राहिले आणि विषय सारा, सावकार, हुंडा, कर्ज असेच राहिले.

१९३० मध्ये शिराळा भागातल्या बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. डोंगरातला चारा आणि सरपण पिढ्यान्‌पिढ्या गावाचे होते. जंगल कायद्याने ते सरकारचे केले आणि मोळी आणणारी बाई चोर ठरली. कालपर्यंतचा हक्क आज गुन्हा ठरतो, तेव्हा कायद्याबद्दलचा आदर कमी होतो. सातारच्या गावांत १९४२ च्या आधी बारा वर्षे हे घडत होते. १९३२ ते १९४२ या दशकात नाना अनेकदा तुरुंगात गेले आणि बाहेर आल्यावर पुन्हा गावोगाव फिरले.

१९४२ मध्ये काय बदलले?

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली आणि मोठे नेते पकडले गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे काढले. कराड आणि तासगावचे मोर्चे शांततेत पार पडले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला मात्र पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मेली. निःशस्त्र मोर्चाचा मार्ग बंद झाला असे अनेक कार्यकर्त्यांना वाटले आणि ते भूमिगत झाले.

नाना पाटीलही भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, घरदार आणि जमीन जप्त केली. १९४६ पर्यंत ते सापडले नाहीत. उसाच्या फडात, डोंगरातल्या वस्तीवर, कोणाच्या माळ्यावर रात्र काढायची आणि पहाट होण्याआधी गाव सोडायचे. शेकडो कुटुंबांनी त्यांना जेवू घातले आणि कोणीही तोंड उघडले नाही.

इथे संस्थानांचा भूगोल कामी आला. चळवळीचे मुख्य ठाणे कुंडल हे औंध संस्थानात होते. औंधच्या राजांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. ब्रिटिश हद्दीत पाठलाग सुरू झाला की शेजारच्या संस्थानी गावात शिरायचे, ही युक्ती भूमिगतांना अनेकदा वाचवून गेली. १९४३ मध्ये चळवळीने प्रतिसरकारचे रूप घेतले. नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर असे नेते त्यात होते. किती गावे त्याच्या प्रभावाखाली होती, याचे अंदाज दीडशेपासून सहाशेपर्यंत दिले जातात.

त्यांनी खजिने का लुटले?

भूमिगत चळवळीला पैसा आणि हत्यारे लागत होती. शेणोलीच्या गाडीची लूट कुंडलच्या तुफान सेनेने केली. कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड तिच्यात आघाडीवर होते. १४ एप्रिल १९४४ रोजी सातारा-सांगलीपासून शेकडो किलोमीटर दूर, धुळे जिल्ह्यातल्या चिमठाणे येथे सरकारी खजिना घेऊन जाणारी गाडी अडवण्यात आली. त्यात सुमारे साडेपाच लाख रुपये हाती लागले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा आणि खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील यांचा त्यात सहभाग होता.

नानांची मुलगी हौसाबाई यांचाही वाटा होता. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी आणि एका साथीदाराने नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग केले. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि दुसऱ्या बाजूने साथीदारांनी हत्यारे पळवली. हौसाबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या.

या सगळ्याला लूट म्हणणे चळवळीतल्या लोकांना अखेरपर्यंत मान्य नव्हते. सरकारने साऱ्याच्या रूपाने शेतकऱ्याकडून नेलेला पैसा परत आणला, अशी त्यांची धारणा होती. हा दावा खरा मानायचा की नाही, हे ठरवायला एक कसोटी आहे : तो पैसा घेतला कोणाकडून आणि गेला कुठे? लक्ष्य होते सरकारी रक्कम. ती गोव्याकडून येणाऱ्या हत्यारांसाठी आणि चळवळीच्या खर्चासाठी गेली. लढ्यातल्या बहुतेकांनी पुढचे आयुष्य साध्या घरांत काढले.

मग दरोडेखोरांना शिक्षा का?

१९४२-४३ मध्ये पोलीस भूमिगतांच्या मागे लागले होते आणि गावांना वाली उरला नव्हता. महायुद्धामुळे धान्य महागले होते, काळाबाजार फोफावला होता. त्याचा फायदा घेऊन दरोडेखोरांच्या टोळ्या मोकाट सुटल्या. त्यांनी लुटले ते वाड्यांनाही आणि साध्या शेतकऱ्याच्या घरालाही. काही जण तर आपण चळवळीचेच आहोत असे सांगून घरात शिरत.

नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हा पेच होता. ज्या घरांनी आसरा दिला तीच घरे लुटली जात असतील, तर चळवळ टिकणार कशी? म्हणून प्रतिसरकारने आधी टोळ्यांचा बंदोबस्त हाती घेतला. दोषी ठरलेल्याच्या तळपायांवर काठ्या मारल्या जात. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी ही शिक्षा, म्हणून लोक तिला पत्री म्हणू लागले आणि प्रतिसरकारचे पत्री सरकार झाले. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे, नाडणारे सावकार, बायकांना त्रास देणारे गावगुंड असे सगळे या यादीत होते.

फक्त शिक्षेने लूट थांबली का?

नाही, आणि नानांच्या कामातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे. गावोगाव न्यायदान मंडळे नेमली गेली. जमिनीचे, वाटणीचे, कर्जाचे खटले गावातच, सगळ्यांसमोर आणि जवळजवळ फुकट सुटू लागले. ज्या शेतकऱ्याला कोर्टात वर्षानुवर्षे तारखा मिळत, त्याला देवळाच्या पारावर निकाल मिळू लागला. गहाण पडलेल्या काही जमिनी तडजोडीने मूळ मालकाकडे परत गेल्या. धान्याच्या वाटपावर आणि काळ्या बाजारावर लक्ष ठेवले गेले. दारूबंदी झाली, वाचनालये निघाली.

आणि गांधी विवाह. नानांनी या लग्नांचा मोठा प्रसार केला. हार घालायचे, दोन भाषणे ऐकायची, थोडक्यात उरकायचे. वरवर पाहता लग्नाचा आणि लुटीचा काय संबंध? पण शेतकरी सावकाराच्या दारी जाण्याचे एक मोठे कारण मुलीचे लग्न हेच होते. लग्नाचा खर्च कमी झाला की कर्ज कमी, कर्ज कमी की जमीन वाचते, आणि जमीन वाचली की माणूस रानोमाळ भटकत नाही. लुटीचे एक मूळ लग्नाच्या मांडवात आहे, हे त्यांनी ओळखले होते.

याच परिसरात आणखी एक प्रयोग चालू होता. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथे भिंतींशिवाय ठेवून शेती करायला दिली जात असे. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. गुन्हेगाराला जमीन आणि विश्वास मिळाला तर तो पळून जाईलच असे नाही, हे तिथे दिसले.

पत्री सरकारच्या मर्यादा काय होत्या?

पत्रीची शिक्षा क्रूर होती. वकील नव्हता, अपील नव्हते. माणूस कायमचा अधू होऊ शकत होता. वैयक्तिक वैरातून कोणाचे तरी नाव पुढे केले जाण्याचा धोका होताच. बंदूक असलेल्या गटाने दिलेला न्याय त्या गटाच्या नीतिमत्तेवर अवलंबून राहतो, आणि नीतिमत्ता सगळ्यांची सारखी नसते. चळवळीचे नेतृत्व मुख्यतः शेतकरी समाजातले होते. भूमिहीन आणि दलित तिच्यात सहभागी होते, तरी जमिनीच्या फेरवाटपाचा मूळ प्रश्न तिने हाती घेतला नाही.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. प्रतिसरकारचे काम संपले. पण ज्या रागावर चार वर्षे काहीसा लगाम राहिला होता, तो राग संपलेला नव्हता.

१९४८ मध्ये काय घडले?

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. शेकडो घरे जळाली, धान्य आणि भांडीकुंडी लुटली गेली. अनेक कुटुंबे नेसत्या कपड्यांनिशी पुण्या-मुंबईला गेली आणि परतलीच नाहीत. ज्यांच्याकडे सावकारी नव्हती, ज्यांनी कोणाचे काही घेतले नव्हते, ज्यांच्या घरातला एखादा स्वतः स्वातंत्र्यलढ्यात होता, अशांनाही जमावाने वगळले नाही.

शोकाची आणि संतापाची लाट होतीच. पण तिच्यात कुळांचा, कर्जाचा, जातीच्या अपमानाचा जुना राग आणि फुकटचा माल उचलण्याचा मोहही मिसळला, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. १८७५ मध्ये जमाव कागद मागत होता, कागद मिळाला की बहुधा परत फिरत होता. १९४८ मध्ये माणसाची जात हाच पुरावा ठरला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जे रामोशी-मांगांच्या बाबतीत केले, तेच जमावाने दुसऱ्या समाजाच्या बाबतीत केले. अन्यायाची जाणीव खरी असली तरी तिचा नेम चुकू शकतो, आणि चुकलेल्या नेमाची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते.

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील कुठे होते?

सत्तेच्या जवळ जाण्याची संधी असताना नाना काँग्रेसबाहेर पडले. शेतकरी कामगार पक्ष आणि पुढे कम्युनिस्ट पक्ष असा त्यांचा प्रवास झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते गावोगाव फिरले. १९५७ मध्ये उत्तर सातारा आणि १९६७ मध्ये बीड मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर धोतर, सदरा आणि पटका हाच वेश राहिला. मागे मालमत्ता म्हणावी असे काही नव्हते.

दरम्यान, ज्या मागण्यांसाठी लोक लढले त्यांतल्या काही कायद्यात आल्या. १९३९ च्या कर्जनिवारण कायद्यानंतर १९४६ मध्ये सावकारी नियंत्रणाचा, १९४८ मध्ये कुळांच्या संरक्षणाचा कायदा आला. कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळू लागली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. सहकारी पतपेढ्या, साखर कारखाने, रयतच्या शाळा यांनी कृष्णाकाठ बदलला. टोळ्यांचे दरोडे कमी झाले त्यात पोलिसांचा वाटा होताच, पण सातबारा, पतपेढी आणि शाळेचा वाटाही कमी नव्हता.

जगाचा अनुभव काय सांगतो?

इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी जगभरच्या लोकप्रिय दरोडेखोरांचा अभ्यास करून सामाजिक दरोडेखोर ही कल्पना मांडली. सरकार ज्याला गुन्हेगार म्हणते आणि गाव ज्याला आपला म्हणते, असा माणूस. गावाची जुनी व्यवस्था मोडून नवी बाजारू व्यवस्था येत असताना तो उगवतो, असे त्यांचे निरीक्षण होते. उमाजी नाईक या चौकटीत नेमके बसतात. अँटन ब्लॉक या अभ्यासकाने त्यावर आक्षेप घेतला. पुष्कळ दरोडेखोर प्रत्यक्षात बड्या लोकांच्याच पदरी असतात आणि गरिबांनाच जास्त त्रास देतात, असे त्यांनी दाखवले. सातारच्या १९४३ मधल्या टोळ्या पाहिल्या की हेही पटते.

दोघांच्या मधली जागा नाना पाटलांच्या कामात दिसते. केवळ गरिबी असली म्हणून लूट होत नाही. दुष्काळी माण, जत, आटपाडीतली लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिली, गाव सोडून मजुरीला गेली, पण त्यांनी कोणाचे घर फोडले नाही. लूट उसळते ती दोन गोष्टी एकत्र आल्यावर. हक्काचे काहीतरी हिरावले गेल्याची भावना पक्की होते आणि दाद मागायला जागा उरत नाही. त्यातली दुसरी गोष्ट पारावरच्या न्यायमंडळाने काही काळ बदलली, म्हणून तेवढा काळ टोळ्या आवरल्या.

आज याचा अर्थ काय?

राज्यात २०१४ मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची सोय त्यात आहे. विमुक्त जमातींवरचा कायद्याचा शिक्का पुसून सत्तर वर्षे उलटली. तरीही चोरी झाली की पहिली धाड कुठल्या वस्तीवर पडते आणि खासगी कर्जाला कंटाळलेला शेतकरी तक्रार द्यायला किती सहज पुढे येतो, हे प्रत्येक तालुक्याने स्वतःला विचारण्यासारखे आहे. कायदा पुस्तकात असणे आणि तो पारावर पोचणे यांत अंतर असते. सातारा-सांगलीच्या इतिहासात हे अंतर वाढले, तेव्हा ते कधी उमाजीने भरले, कधी नाना पाटलांनी, तर कधी हातात पलिता घेतलेल्या जमावाने. पुढच्या वेळी ते कोण भरणार, हे न्याय किती लवकर आणि किती जवळ मिळतो यावर ठरेल.